नमुना खायचा नसतो

सरांनी मला नऊ वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. मी आष्ट्याहून एसटीने यायची, म्हणून मी 'आष्टा'. शिपाई 'तासगाव', टायपिंग करणारे काका 'मिरज'. नमुन्याच्या बाटलीवर गाव लिहितात, तशी त्यांनी आम्हाला गावं चिकटवली होती. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, मला नाव आहे." ते म्हणाले, "नावं एकाच नावाची दहा निघतात. गाव सांगितलं की पाणी कुठलं ते कळतं."

ही गोष्ट सांगलीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेतली. हळद, बेदाणा, गूळ, काकवी असलं काही विकायचं किंवा बाहेरगावी पाठवायचं असलं की त्याचा तुकडा आमच्याकडे यायचा आणि आम्ही त्यात काय आहे ते कागदावर लिहून द्यायचो. मालक दुसरेच होते, वरच्या मजल्यावर बसायचे. खाली सगळं राज्य सरांचं.

सरांचं बालपण कोयनानगरला, धरणाच्या वसाहतीत गेलं. मोठा भूकंप झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते. त्याबद्दल ते एक शब्द बोलत नसत, पण त्यांची प्रयोगशाळा बोलायची. प्रत्येक फळीवर बाटल्यांच्या पुढे सुतळी आडवी बांधलेली. ब्युरेटच्या लांब काचनळीला दोन-दोन चिमटे. नाजूक तराजू ठेवला होता तो एका काळ्या दगडावर, आणि तो दगड म्हणजे त्यांच्या पडलेल्या क्वार्टरची पायरी. तराजूशेजारी पाण्याने भरलेला स्टीलचा पेला. वजन करायच्या आधी पेल्यात बघायचं. पाणी हलत असेल तर रस्त्यावरून ट्रक चाललाय, थांबायचं. पाणी स्थिर झालं की तोलायचं. गुळाच्या हंगामात मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग संपायची नाही आणि आम्ही हातात चमचा धरून पेल्याकडे बघत उभे. पाठीमागे आम्ही सरांना 'भूकंप' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं असं मला नेहमी वाटे.

त्यांचे तीन नियम होते. पहिला: आधी पाणी मोज, मग बढाई मार. म्हणजे कुठल्याही वस्तूत ओल किती ते आधी बघायचं, बाकीचं नंतर. दुसरा: एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, तीनदा करायचं. "एकदा येतं ते नशीब, दोनदा येतं तो योगायोग, तिसऱ्यांदा आलं तर लिहा." आणि तिसरा, ज्याच्यावरून आम्ही त्यांची भरपूर चेष्टा केली, तो म्हणजे नमुना खायचा नसतो.

बेदाण्याच्या प्रयोगशाळेत काम करून बेदाणा तोंडात न टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तासगाव दिवसातून मूठभर खायचा, मीही कमी नव्हते. सर मात्र बेदाणा चिमट्यानेच उचलायचे. एका संक्रांतीला मी घरून तिळगूळ नेला. सरांनी लाडू हातावर घेतला, वास घेतला आणि विचारलं, "गूळ कुठला, आष्टा?" मी चाचरले. गूळ प्रयोगशाळेतलाच होता, तपासून उरलेला, घरी नेलेला. त्यांनी लाडू हळूच खिशात घातला. "गोड बोलतो," ते म्हणाले, "पण हा नमुना आहे." आठवडाभर मला त्यांच्या कोटाच्या त्या खिशाकडे मुंग्या जाताना दिसत होत्या.

अशा माणसाकडे आटपाडीच्या आक्का आल्या.

आधी त्यांचा फोन आला होता, तो मी घेतला. आटपाडीकडची डाळिंबं तेल्या रोगाने गेली तेव्हा आक्कांनी कुठल्याशा कृषी प्रदर्शनातून गोजीची रोपं आणून बांधाकडेच्या वीस गुंठ्यांत लावली होती. गोजी म्हणजे ती चीनकडची लाल-केशरी, बोराच्या बीएवढी लांबट फळं. शहरातल्या दुकानात वाळवून पुड्यांत मिळतात. झाडाला काटे, त्यामुळे शेरडं-मेंढरं फिरकत नाहीत, हा आक्कांच्या लेखी त्याचा पहिला गुण. नवरा गलाईच्या धंद्यात, लांब दक्षिणेत सोनं आटवायच्या दुकानावर. शेतीचा कारभार दिराकडे. आणि दिराचं म्हणणं स्पष्ट होतं: आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, ही काटेरी झुडपं काढून ऊस लावायचा. पुण्याचा एक व्यापारी ताजं फळ घ्यायला तयार होता, पण त्याची अट होती. ताज्या फळात क जीवनसत्त्व अमुक इतकं असलं पाहिजे आणि तसा प्रयोगशाळेचा कागद पाहिजे.

"दिवाळीपत्तुर कागद आला तर ठेवू म्हनालेत भाऊजी," आक्का फोनवर म्हणाल्या. "न्हाई आला तर पाडव्याला ट्रॅक्टर. बाई, कशात आनू फळं?"

माझ्यापुढे त्या वेळी हळदीचे चौदा नमुने होते. मी म्हटलं, "स्वच्छ भांड्यात आणा," आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी आक्का आल्या. पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, उन्हाने रापलेल्या, डोक्यावरचा पदर बसच्या वाऱ्यातही न ढळलेला. मांडीवर धुतलेल्या फडक्याने तोंड बांधलेला गडू. त्यातली फळं मी ताटात ओतून घेतली, गडू त्यांना परत दिला, आणि नोंदवहीत सरांनी मुद्दाम आखलेल्या 'कशातून आला' या रकान्यात लिहिलं: स्वच्छ भांडे.

फळं जरा मलूल होती. ती कशी दिसायला हवीत हे मला तरी कुठे माहीत होतं? सरांनी एक कापून बघितलं, शेजारच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या मित्राला बोलावून खात्री करून घेतली आणि खूश झाले. "वांग्याची चुलत बहीण आहे ही," ते आक्कांना म्हणाले. "मिरची, टोमॅटो, सगळं एकच घराणं. पुडीवर काहीही लिहूदे, आपण आत काय आहे ते बघू."

मग चार दिवस ते त्या फळात बुडाले. आधी पाणी मोजलं. शंभरातलं ऐंशीच्या आसपास पाणीच. आक्कांनी सोबत आणलेल्या व्यापाऱ्याच्या जाहिरात-पत्रकावरचे मोठमोठे आकडे वाळलेल्या फळाचे होते, हे त्यांनी लगेच ओळखलं. "पाणी काढून टाकलं की कुणीही श्रीमंत दिसतं," ते म्हणाले. मग साखर, बहुतेक द्राक्षात असते तीच. मग ते चिकट, बोटाला धरणारं द्रव्य, ज्याच्यावर चीनमध्ये एवढं लिहिलं गेलंय. मग केशरी रंग. तो पाण्यात विरघळेना, तेलाच्या जातीच्या द्रवात मात्र भराभर उतरला. सर नळी उजेडापुढे धरून म्हणाले, "हाच रंग मक्यात असतो, आष्टा, आणि माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर असतो. ह्या बाईच्या बांधावर डोळा पिकतोय." सर असलं काही बोलले की मी वर बघायची नाही, कारण ते लाजायचे. शेवटी फळं भट्टीत जाळून राख तोलली. पोटॅशियम भरपूर. सगळं उत्तम.

फक्त क जीवनसत्त्व नव्हतं.

ते मोजायची रीत सोपी आहे. रसात निळा रंग थेंबाथेंबाने सोडायचा. जीवनसत्त्व शिल्लक आहे तोवर ते रंग पुसून टाकतं. ते संपलं की पुढचा थेंब पुसला जात नाही, रस गुलाबी होतो. जितके थेंब पुसले, तितकं जीवनसत्त्व. आक्कांच्या रसात चौथ्या-पाचव्या थेंबालाच गुलाबी आलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

मी अहवाल टाइप करवून घेतला. मिरज काकांनी शिक्का तयार ठेवला. वरून मालकांचा निरोप आला की व्यापाऱ्याचा फोन आलाय, आजच पाठवा. सर पेन उघडून बसले आणि बसूनच राहिले.

"तीनदा आलंय सर," मी म्हटलं. "तुमचाच नियम."

"बाकी सगळं भरलेलं आणि हे एकच रिकामं," ते म्हणाले. "भरल्या घरात एकाच खोलीत चोरी झालीय." त्यांनी नोंदवही ओढली, बोट रकान्यावरून खाली आणलं आणि थांबले. "स्वच्छ भांडे. कसलं?"

"गडू होता."

"कसला?"

मला तो गडू डोळ्यांसमोर दिसला. चिंचेने घासलेला, आरशासारखा लखलखीत, लालसर.

"तांब्याचा," मी म्हटलं.

सरांनी पेनाचं टोपण लावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आक्कांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"आक्का, फळं कशी आणली ते पहिल्यापासून सांगा. घाई नाही."

आक्कांनी सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी फळं तोडली. एकेक करून देठ काढले. तीन पाण्यांनी धुतली. सासूबाईंचा तांब्याचा गडू माळ्यावरून काढला, चिंच-मिठाने घासला, त्यात फळं भरली. सकाळच्या एसटीला बसल्या.

"देठ का काढले?"

"आवं सर, पावन्याफुडं देठासकट फळ ठिवत्यात व्हय? तुमी मोठी मानसं. रोजच्या डब्यात कसं आनायचं? घरातलं चांगलं भांडं म्हून त्यो गडू काढला. बाईंनी सांगितलं हुतं स्वच्छ भांडं, त्याच्यापरास स्वच्छ आमच्या घरात काय न्हाई."

सरांनी डोळे मिटले. देठ काढला की त्या पातळ सालीला भोक पडतं आणि रस पाझरतो. पाझरलेला रस, धुतल्याची ओल, आणि तांबं. क जीवनसत्त्वाचा तांब्याएवढा वैरी दुसरा नाही. रात्रभर आणि आटपाडी ते सांगली एवढ्या वाटेत त्याने सगळं खाऊन टाकलं होतं. त्या बाईने जितका मान दिला, तितकं फळ मेलं.

"चूक तीनदा मोजली म्हणून बरोबर होत नाही," सर मला म्हणाले. "उद्या आटपाडीला जायचं."

मालक खाली आले. एका नमुन्यासाठी माणसं गावोगाव पाठवायला हा काय दवाखाना आहे का, असं त्यांनी विचारलं. गाडी मिळणार नाही म्हणाले. आणि एकदा काढलेला आकडा प्रयोगशाळेने बदलला तर लोक काय म्हणतील? सर म्हणाले, "लोक म्हणतील, यांना भांडं कळत नाही. खरंच आहे ते." आणि बाटल्या धुवायला लागले.

त्या संध्याकाळी त्यांनी सहा बाटल्यांत आम्ल भरलं. फळ त्यात तोडल्याबरोबर ठेचलं की जीवनसत्त्व जागच्या जागी टिकतं. मग पेल्यातलं पाणी स्थिर व्हायची वाट बघत प्रत्येक बाटली तोलली आणि वजन लिहिलं. "शेतात वारा असतो, तिथे तराजू चालायचा नाही. जाताना तोलली, येताना तोलायची. मधला फरक ते फळ." सकाळी आम्ही विट्यावरून जाणारी एसटी धरली. बर्फाची पेटी सरांच्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "डोस हायेत का पोलिओचं?" सर म्हणाले, "नाही, पण तेवढेच जपून न्यायचेत." त्याने पुढची सीट रिकामी करून दिली.

आक्कांचा बांध म्हणजे उजाड माळाच्या कडेला हिरवी काटेरी पट्टी, आणि तिच्यात केशरी ठिपके. पलीकडे दीर उभे होते, हात मागे बांधून. नमस्कार-चमत्कार झाल्यावर ते म्हणाले, "वहिनी म्हनल्या, एकदा फेल गेलंय न्हवं? मग आता कशापायी आलायसा? कागद बदलायला?"

"पहिला आकडा तोच राहील," सर म्हणाले. "दुसरा शेजारी लागेल. दोन्ही वाचा आणि मग नांगर घाला, मी अडवणार नाही."

मग त्यांनी आक्कांना कामाला लावलं. देठासकट तोडायचं, बाटलीत टाकायचं, काचेच्या दांड्याने ठेचायचं, बूच लावायचं. धुवायचं नाही, पुसायचं नाही. आक्कांना न धुता देणं जड जात होतं, दर वेळी हात पदराकडे जायचा आणि सर खाकरायचे. तीन वेगवेगळ्या झाडांच्या दोन-दोन बाटल्या झाल्या. काम संपल्यावर आक्कांनी एक पिकलेलं फळ तोडून सरांपुढे धरलं.

"आता खावा की."

"नमुना खायचा नसतो, आक्का."

"बाटलीतला न्हाई वो. झाडावरचा हाय ह्यो."

"झाडावरचाही नमुनाच."

आक्कांनी हात तसाच पुढे ठेवला. "मग फळ कवा म्हनायचं त्याला?"

सरांनी पेटी उघडून बाटल्या पुन्हा मोजल्या. आक्कांनी ते फळ स्वतःच्या तोंडात टाकलं आणि दिराकडे बघून म्हणाल्या, "तुमचं भाऊ गलाईत सोनं आटवत्यात. एका आटवनीवर सोन्यातली खोट सांगत न्हाईत. तुमी एका आकड्यावर माजी झाडं उपटाय निगालाय." आम्ही निघालो तेव्हा पेटी स्टँडपर्यंत दिरांनीच मोटरसायकलवर आणून दिली.

सांगलीला पोचल्यावर सरांनी चहासुद्धा घेतला नाही. बाटल्या परत तोलल्या, रस गाळला. केशरी रंग चोथ्यात मागे राहिला आणि खाली पिवळट, जवळपास पाण्यासारखा रस उतरला. ब्युरेट मला दिली. "तू कर. तुझं भांडं होतं ते."

निळा थेंब पडला, पुसला गेला. पाचवा पुसला गेला. दहावा. मी मोजता मोजता रडायला लागले आणि सर म्हणाले, "पाणी पडू देऊ नको त्यात, ओल वाढेल."

पहिलं झाड व्यापाऱ्याच्या आकड्याच्या वर गेलं. दुसरं वर. तिसरं थोडं खाली आलं. प्रत्येक तीनदा केलं, तेच. सरासरी काठावर, पण वर. मी म्हटलं, "तिसरं झाड बांधाच्या सावलीत आहे सर, ते सोडून दिलं तर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य तिथेच गिळलं. तिन्ही झाडं लिहिली गेली. पहिला रिकामा आकडाही लिहिला गेला, आणि खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात शेरा मारला: 'पहिला नमुना तांब्याच्या भांड्यात आला. भांड्याबद्दल सूचना देण्यात प्रयोगशाळेची चूक झाली.' मालकांनी ते वाक्य काढायला सांगितलं. सर म्हणाले, वाक्य काढायचं असेल तर सहीही काढा. दोन दिवस वरचा मजला खालच्या मजल्याशी बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी अहवाल गेला, वाक्यासकट. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. ते मला आजही लागतं.

पाडव्याला ट्रॅक्टर आला नाही. व्यापारी दोन हंगाम आला आणि मग फोन उचलेनासा झाला. पण तोवर आक्का हट्टाला पेटल्या होत्या. वाळवून विकायला लागल्या, आटपाडीच्या बाजारात ताजी घेऊन बसायला लागल्या, देठासकट. दिराने उसाबरोबर स्वतःच्या तुकड्यात एक ओळ गोजीची लावली आणि ती कुंपणाला लावलीय असं सगळ्यांना सांगितलं.

सर निवृत्त होऊन साताऱ्याला बहिणीकडे गेले. आता खालचा मजला मी बघते. सुतळ्या तशाच आहेत, पेला तसाच आहे, आणि फोनवर कुणी विचारलं की कशात आणू, तर मी हातातलं काम खाली ठेवते.

गेल्या हिवाळ्यात आक्का आल्या आणि माझ्या टेबलावर स्टीलचा डबा ठेवला. "सरांना न्हेऊन द्या. आमच्या गुढघ्याला एवढा परवास हुईत न्हाई." मी रविवारी साताऱ्याला गेले. सर अंगणात खुर्चीवर बसले होते. ओळखलं लगेच. "आष्टा, ये." त्यांच्या हाताला कंप सुटलाय हे मला माहीत नव्हतं. बहिणीने दिलेला पाण्याचा पेला त्यांच्या हातात सारखा हलत होता आणि ते त्या पाण्याकडे बघत होते, सवयीने. थोड्या वेळाने त्यांनी तो न पिताच खाली ठेवला. मला बघवेना, म्हणून मी डबा उघडला.

त्यांनी आत पाहिलं. केशरी, ताठ, प्रत्येकाला देठ.

"कुणाचा नमुना?"

"नमुना नाही सर," मी म्हटलं. "आक्कांनी तुम्हाला खायला पाठवलंय. फळ आहे."

त्यांनी एक फळ उचललं, देठ काढला आणि तोंडात टाकलं. डोळे मिटून सावकाश चावलं. मी विचारलं, "कसं आहे?" त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. दुसरं उचललं. ते कापऱ्या बोटांतून मांडीवर पडलं, ते परत उचलून खाल्लं. मग तिसरं.

तिसरं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"आक्कांना कळव," ते म्हणाले. "तिन्ही वेळा गोड."